मुळांखालची पट्टी

ती घटना आठवली की आजही माझ्या कानात एसीचे पाणी बादलीत टपटपायला लागते. नांदेडच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. ऐन एप्रिलात एका महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका फिर्याद द्यायला आल्या. काय चोरीला गेले, असे ठाणे अंमलदाराने विचारले.

"झाड," त्या म्हणाल्या. अंमलदाराला हसू आवरेना. बाईंचे डोळे मात्र रडून लाल झालेले होते, म्हणून मी त्यांना आत बोलावले.

ते निकोबार बेटांवरच्या पावसाळी जंगलातले पामचे झाड होते. त्याच्या मूळ जंगलातही ते आता दुर्मीळ झाले आहे. बाईंनी ते बीपासून वाढवले होते, तेही आमच्या नांदेडात, जिथे उन्हाळ्यात दुपारी कुत्रेसुद्धा सावली सोडत नाही! बोअरचे खारे पाणी त्याला चालत नाही, म्हणून विभागातल्या एसीचे पाणी बादलीत धरून त्या घालायच्या. सुट्टीच्या दिवशीसुद्धा यायच्या.

"साहेब, चोर उशिरा सापडला तरी चालेल. झाड लवकर सापडू द्या. उन्हात ते टिकणार नाही."

गुन्हा दाखल केला आणि आम्ही आमची अक्कल पाजळली. दुर्मीळ झाड म्हणजे मोठी टोळी, असे समजून हैदराबादपर्यंतच्या रोपवाटिका पालथ्या घातल्या. हाती काही लागले नाही. खबर आली ती लग्नांतून फेटे बांधत फिरणाऱ्या एका माणसाकडून. आमच्या हवालदाराने त्याला झाडाचा फोटो दाखवून ठेवला होता.

"मुखेडच्या लग्नात दारात हेच झाड होतं साहेब," तो फोनवर म्हणाला. "काल धर्माबादला बी तेच. लई देखणं हाय, पण पानं करपून राहिलीत."

दोन्ही लग्नांचा मंडपवाला एकच निघाला. त्याच्या गोदामावर आम्ही छापा घातला. सोनेरी रंगाच्या पिंपांत एकसारखे पाम ओळीने उभे होते. मालक चांगला भारदस्त माणूस. चौकशीत खोटे बोलणारा बहुधा गरजेपेक्षा जास्त बोलतो. हा मात्र एकाच वाक्यावर अडून बसला. "समदे माझेच हायेत साहेब. हैदराबादहून आणलेत."

बाई आल्या आणि थेट एका पिंपापाशी जाऊन थांबल्या. "हेच."

पंचांना सगळी झाडे सारखीच दिसत होती. न्यायालयालाही तशीच दिसली असती. ओळखीची खूण विचारल्यावर बाई म्हणाल्या, "बाहेरची पाटी तुटते, म्हणून आम्ही लावतानाच तळाशी नंबर ठोकलेली ॲल्युमिनियमची पट्टी पुरतो."

मला आनंद झाला. "घ्या पिंप आडवं!" मी शिपायांना म्हणालो. बाई पिंपासमोर आडव्या उभ्या राहिल्या.

"साहेब, पट्टी आता मुळांच्या जाळ्यात गेली असेल. ती काढायची म्हणजे मुळं तोडायची. आधीच करपलंय, या उन्हात मरेल ते."

"मॅडम, खूण सापडली नाही तर झाड यांच्याकडेच राहील."

त्यांनी एक करपलेले पान हातात घेऊन पाहिले. मग मंडपवाल्याकडे वळल्या. "दादा, राहू द्या तुमच्याकडे. पण उन्हात उभं करू नका. बोअरचं पाणी घालू नका. एसीखाली बादली ठेवा, ते पाणी घाला."

मंडपवाल्याने मान खाली घातली. मग खांद्यावरच्या रुमालाने तोंड पुसले.

"तुमचंच हाय बाई," तो म्हणाला. "गॅदरिंगचा मांडव घालायला आलतो, तवा नजरंत भरलं. मला वाटलं, कॉलेजातलं झाड म्हंजी कोणाचंच नसतंय. नेलं तर कोण इचारतंय?"

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. पण त्याने पंचांसमोर निवेदन दिले आणि घरामागे टाकलेली मूळ कुंडी काढून दिली. तिच्यावरचा विभागाचा नंबर खरवडलेला असला तरी वाचता येत होता. तेवढे पुरले.

आता झाड मुद्देमाल झाले. "साहेब, याला लाखेचं सील कुठं मारू?" मुद्देमाल कारकून रडकुंडीला आला होता. कोर्टाच्या हुकुमाने ते सुपूर्दनाम्यावर बाईंना मिळेपर्यंत झाड माझ्या केबिनबाहेर सावलीत राहिले. एसीखाली बादली आली. पहिल्या दिवशी हसलेला अंमलदारच ती भरली की उचलून न्यायचा.

बाईंबद्दल मला तेव्हा जो आदर वाटला, तो नोकरीत फार थोड्या लोकांबद्दल वाटला. आपली वस्तू परत मिळावी म्हणून धडपडणारे मी रोज पाहिले होते. ती जगावी म्हणून चोराच्या हाती सोडायला तयार झालेल्या या एकट्याच.

निवृत्तीनंतर एकदा ते झाड पाहायला गेलो. आता ते जमिनीत लावलेले आहे, माझ्यापेक्षा उंच झाले आहे. साऱ्या नोकरीत मी पुरावे खणून काढत आलो. तो एक पुरावा मात्र आम्ही कोणी पाहिला नाही. तो अजून मुळांखाली आहे, आणि तिथेच राहू दे.