संगणकाचा गुरुवार

हातातला कप आधी खाली ठेवा बाई, नाहीतर चहा नाकात जाईल. माझ्या एका वेंधळेपणापायी नॉर्वेमधला एक भला माणूस गुरुवारी उपाशी राहिला! देवीच्या समोर बसून सांगतेय, खोटं कशाला सांगू?

त्याआधी मोठीआईंबद्दल सांगायला हवं. मोठीआई म्हणजे आमच्या सासूबाई. आम्ही तारापूरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो तेव्हा मार्गशीर्षातल्या गुरुवारी आमच्या ओटीवर बायकांची ही गर्दी व्हायची. खाऱ्या वाऱ्यात निरांजन विझू नये म्हणून कुणीतरी पदर आडवा धरायचं आणि मोठीआई कहाणी सांगायच्या. पुस्तकातली नव्हे, हं! त्यांच्या सासूकडून आलेली. तिच्यात राणी सुकी मासळी राखत बसते आणि लक्ष्मी म्हातारीच्या रूपात मिठागरातून चालत येते. मुठीतल्या अक्षता घामानं ओल्या व्हायच्या, पण एक बाई उठायची नाही.

आता आम्ही बोईसरला फ्लॅटमध्ये. ओटी गेली, बायका पांगल्या. आणि मोठीआई विसरायला लागल्या. यंदा त्यांनी राणीचं नाव विसरून मलाच विचारलं, "काय गो नाव तिचं?" मी ठरवलं, ही कहाणी टाईप करायची आणि उद्यापनाला सवाष्णींना दुकानातल्या पुस्तिकेऐवजी हीच छापून द्यायची. शेवटच्या गुरुवारच्या आत.

जुना संगणक होता. पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या मुक्तानं त्यावर एक फुकटातली ऑपरेटिंग सिस्टिम घालून दिली होती. जगभरची माणसं मिळून ती बनवतात म्हणे, मालक कुणीच नाही.

"भंडाऱ्यासारखं समज, आई," मुक्ता म्हणाली होती. "कुणी भाजी चिरतं, कुणी वाढतं. मी फावल्या वेळात लोकांच्या तक्रारी निवडते. तू तांदूळ निवडतेस ना, तसं."

पहिल्या गुरुवारी पूजा झाली, नैवेद्य झाला, मोठीआई देवीसमोर बसून सांगायला लागल्या आणि मी भराभर टाईप करायला लागले. राणीला गर्व झाला, लक्ष्मी दारात आली, आणि फट्! पडदा काळा. लिहिलेलं सगळं गेलं.

"मोठीआई, परत सांगा ना."

"आता नाय. एकदा सांगितली की झाली. देवीनं ऐकली हाय."

शुक्रवारी लावला, तर काही झालंच नाही अशा थाटात चालू! मी भाजीचा हिशोब मांडला, भजन ऐकलं, काही नाही. पुढच्या गुरुवारी कहाणी ऐन रंगात आली आणि पुन्हा फट्!

मुक्ताला फोन केला. ती ऑफिसच्या घाईत. "आई, मला फोनवर सांगू नकोस, सिस्टिमच्या साइटवर रीतसर तक्रार नोंदव. योग्य विभाग निवड, काय केलं ते क्रमानं लिही, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं ते लिही. विभाग चुकला की तक्रार भलत्याच माणसाकडे जाते, कळलं?"

न कळायला काय झालं? उभा जन्म व्रतं करण्यात गेला! व्रत कुणी करावं, कधी करावं, कोणत्या क्रमानं करावं, केल्यानं काय फळ मिळतं, चुकलं तर काय होतं, पोथीत हेच तर असतं. मला तो अर्ज अगदी माहेरचा वाटला.

विभाग निवडला 'कॅलेंडर', कारण बिघाड गुरुवारचाच. तीव्रता 'अतिगंभीर'. मथळा: 'मार्गशीर्षातल्या गुरुवारी उपास असताना संगणक बंद पडतो.' मग क्रम. पहाटे स्नान करावे. उपास धरावा. घट मांडावा, पाच डहाळे लावावेत. देवीला नैवेद्य दाखवावा. मग संगणक सुरू करून कहाणी लिहावी. लक्ष्मी दारात येताच यंत्र बंद पडते.

लिहून झाल्यावर मी दोनदा वाचलं आणि हात जोडून बटण दाबलं. इतकी नीटनेटकी तक्रार त्यांच्याकडे आली नसेल, असं मनातही आलं. आलं ते आलं!

तिथे भाषांतर आपोआप होतं. दुसऱ्या दिवशी उत्तर हजर. कुणी विचारलं, घट कोणत्या कंपनीचा? एकानं कॅलेंडरचं सगळं गणित उसवून गुरुवार तपासला. आणि नॉर्वेचा लार्स म्हणाला, "फार छान लिहिलेली तक्रार. मी येत्या गुरुवारी तंतोतंत करून पाहतो."

मी ह्यांना वाचून दाखवलं. हे बोईसरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, उभी नोकरी कूलिंग टॉवरवर, म्हणजे तापलेली यंत्रं थंड ठेवायचं काम. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "घरात एक उपास करणारी होती, आता परदेशात शाखा निघाली."

गुरुवारी दुपार कलली आणि लार्सचा निरोप आला. "सकाळपासून फक्त बटाटा आणि दूध. पाच फांद्या बागेतून आणल्या. संगणक उत्तम चालतो आहे. मला मात्र चक्कर येते. साबुदाणा अनिवार्य आहे का?"

मला बाई भरूनच आलं! मी लिहिलं, "साबुदाणा नसला तरी चालतं. मन शुद्ध हवं."

त्याचं लगेच उत्तर: "ते संगणकाला कोणती आज्ञा देऊन तपासायचं?"

ह्या सगळ्यात तिसरी कहाणी बुडायची वेळ आली होती. आता फक्त उद्यापनाचा गुरुवार उरणार! त्याच संध्याकाळी मुक्ता रजा घेऊन आली. तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

"आई, अख्ख्या गटात गुरुवारचा गोंधळ चाललाय. सगळे मला विचारतायत, ही बाई कोण? मी काय सांगू? दाखव मला, तू काय करतेस ते. सगळं, जसंच्या तसं."

मी पूजा केली. नैवेद्य दाखवला. मोठीआईंना पाटावर बसवलं. देव्हाऱ्याशेजारी संगणकाचा मोठा डबा, त्याला हळदकुंकू लावलं, मोठीआईंच्या लग्नातला जरीचा शालू चौपदरी करून त्याच्यावर घातला, चारी बाजूंनी नीट खोचला, वर फूल ठेवलं आणि टाईप करायला बसले.

"आई!" मुक्ता किंचाळली. "हे काय?"

"काय म्हणजे? पोथीला वस्त्र नको? कहाणी आत असते ना!"

"अगं, तिथून त्याची गरम हवा बाहेर पडते! जीव गुदमरतो त्याचा! हे तू तक्रारीत का नाही लिहिलंस?"

आता तुम्हीच सांगा, व्रताच्या दिवशी पोथीला वस्त्र घालायचं असतं, हे काय कुणी लिहितं? साडी नेसून पूजेला बसले, असं लिहायचं का?

मुक्तानं वळून बाबांकडे पाहिलं. "बाबा, तुमचा जन्म गेला ना यंत्रं थंड ठेवण्यात?"

"मी बघत होतो," हे शांतपणे म्हणाले. "म्हटलं, थंडीचे दिवस आहेत, घातली असेल शाल."

शालू काढला. मोठीआई त्या दिवशी छान रंगात होत्या. लक्ष्मी दारात आली, आत आली, राणीचं नावसुद्धा त्यांना आठवलं, आणि पडदा शेवटपर्यंत उजळ राहिला. मी टाईप करत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तारापूरची ओटी पुन्हा दिसत होती हो!

मग कबुलीचं उत्तर मीच लिहिलं. म्हटलं, बिघाड भक्तीचा आहे, सिस्टिमचा नाही. लार्सनं लगेच बायकोचं लोकरी पांघरूण आपल्या संगणकावर घातलं आणि थोड्या वेळानं लिहिलं, "बंद पडला! अभिनंदन!" त्यांच्यात बिघाड सापडला की अभिनंदन करतात. मुक्तानं माझी तक्रार 'कॅलेंडर'मधून उचलून 'वापरणाऱ्यांसाठी सूचना' ह्या विभागात टाकली. आता तिथे लिहिलंय, संगणकावर वस्त्र घालू नये, आदरानेही नाही.

उद्यापनाला पुस्तिका छापून आल्या. उमरोळीहून, पालघरहून तारापूरच्या जुन्या मैत्रिणी आल्या. अक्षता मुठीत धरून सगळ्या बसल्या. मी म्हटलं, "मोठीआई, सांगा."

मोठीआईंनी माझ्याकडे पाहिलं, गालात हसल्या आणि सुरू झाल्या, "आटपाट बोईसर नगर होतं. तिथं एक सून होती. लय भाविक. तिनं देवाला शालूत असा गुंडाळला, असा गुंडाळला, की देव घामाघूम झाला..."

ओटीवर हसायच्या तशाच बायका हसल्या. राणीचं नाव विसरणाऱ्या मोठीआई ह्या कहाणीतला एक शब्द विसरल्या नाहीत. लार्सची चक्करसुद्धा नाही!

आणि सगळ्या एकसुरात म्हणाल्या, पुढच्या वर्षी पुस्तिकेत ही पाहिजेच. सध्या तीच टाईप करतेय. यंत्र मेलं एकदाही बंद पडत नाही!