चैतरामकाकांनी मला खर्रा दिला नाही

खर्रा घोटताना चैतरामकाका आपल्या हाताकडे कधीच पाहत नसत. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहत. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत टाकायचा, फळीवर ठेवून तळहातानं घासायचा, पुडी बांधायची. हे सगळं हात आपसूक करत आणि डोळे तुमच्या दातांवर. नवीन माणसाला वाटे, हा म्हातारा आपलं बोलणं किती मन लावून ऐकतो. मलाही तसंच वाटायचं. मी घराण्यातला पहिला पदवीधर असल्यामुळे लोकांनी माझं मन लावून ऐकावं यात मला नवल वाटत नसे.

गोंदिया जिल्ह्यात, कोहमाऱ्यापासून थोडं आत आमचं गाव. रस्त्याच्या एका बाजूला काकांचा पानठेला, समोर माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान. आजोबांचं आयुष्य धानाच्या बांधीत गेलं, बाबांचंही. खुर्चीवर बसून कमावणारा मी पहिला. बी.कॉम.चं प्रमाणपत्र फ्रेम करून अशा जागी लावलं आहे की जातीच्या दाखल्यासाठी आलेल्या माणसाला आधी ते वाचावं लागतं. गोंदियाला राहून मी ही पदवी आणली, आणि सोबत खर्रा. पदवीला तीन वर्षं लागली, खर्रा पहिल्या आठवड्यातच जमला.

काका स्वतः खर्रा तोंडाला लावत नसत. का, म्हणून विचारलं तर म्हणत, "दिवसभर एवढी तोंडं पाहतो जी. पाहूनच पोट भरते." मला ते बीकॉम म्हणत. "काय जी बीकॉम, आज कोणाचा फॉर्म बाद केला?" हा त्यांचा रामराम. बोलणं कमी, पण जे बोलत ते फळीवर ठोकल्यासारखं. कुणी ठेल्यासमोर येऊन उद्यापासून खर्रा बंद असं जाहीर केलं की हात न थांबवता म्हणत, "सोडणारा सांगत नाही, सांगणारा सोडत नाही."

सांगणाऱ्यांत मी पहिल्या नंबरचा. दोन वर्षांपूर्वी नव्या वर्षासाठी गावात निरोगी गाव समिती काढली आणि शिकलेला म्हणून अध्यक्ष मीच झालो. म्हणजे झालो कसला, मीच माझं नाव सुचवलं. एक तारखेला सकाळी बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पारीपर्यंत सगळ्यांनी पायी चालायचं, मग उपकेंद्राच्या सिस्टर बीपी, शुगर तपासणार, मग माझं भाषण आणि शेवटी खर्रामुक्तीची शपथ. फ्लेक्सवर माझा फोटो सिस्टरच्या बीपी मशीनपेक्षा मोठा होता.

आदल्या संध्याकाळी मी समितीच्या वतीनं काकांकडे गेलो. "काका, उद्या एक दिवस ठेला बंद ठेवा. गावाच्या आरोग्याचा प्रश्न आहे."

"ठेवतो ना जी. एक तारखेले तसंही कोणी येत नाही," काका म्हणाले. "चार तारखेपासून येतेत. तेही दुसऱ्याचं नाव सांगून. पाहुण्यासाठी देजो, बुढ्यासाठी देजो. जानेवारीत या गावात एवढे पाहुणे कुठून येतेत, मले तर समजत नाही."

मी मोठ्यानं हसलो. मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणालो, "एक घोटा. उद्याचं भाषण लिहायचं आहे."

"दोन घोटतो. भाषण तर द्यायचंही हाय."

भाषण उत्तम झालं. डाव्या गालात पुडी ठेवून स्पष्ट बोलायची मला सवय होती. मी सांगितलं, मित्रांनो, आहार बदला. मी स्वतः सहा महिन्यांपासून मिरची सोडली आहे. ठेच्याला हात लावत नाही. मऊ भात, वरण, दही, बस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बायकोनं वाजवल्या नाहीत. ती रोज माझ्यासाठी भात वेगळा घोटून घोटून वैतागली होती. मग सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घेतली. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

चार तारखेपर्यंत थांबायला मी काही अडाणी नव्हतो. तीन तारखेलाच गेलो.

"काका, दुकानात तिरोड्याचा एक जण आला आहे फॉर्म भरायला. त्याला एक पाहिजे."

काकांनी पन्नी उचलली, सुपारी टाकली आणि माझ्या तोंडाकडे पाहत विचारलं, "पाहुणा कोणत्या गालात ठेवते? डाव्या का?"

काकांनी पन्नी खाली ठेवली.

"आ कर."

"काय?"

"तोंड उघड म्हणतो मी. पूरं."

रस्त्यावर दोनचार माणसं होती. मी गंमत केल्यासारखं करून तोंड उघडलं. काका म्हणाले, अखिन उघड. मी म्हणालो, एवढंच. त्यांनी स्वतःची तीन बोटं जुळवून आपल्या तोंडात उभी घातली आणि काढली. "तू घालून दाखव." माझी दोन गेली. तिसरं दातांना अडलं. मला आपलं वाटत होतं, मी मोठे घास घेत नाही, शिकल्यामुळे खाण्याला रीत आली.

"एक वर्षापासून पाहून राहिलो," काका म्हणाले. "पहिले तू चिमूट टाकत होता, आता सुपारीची एकेक फाक दातांतून सरकवतं. त्या दिवशी भाषणात म्हणतं, मिरची सोडली. तू मिरची सोडली नाहीस, बीकॉम. मिरचीनं तुले सोडलं. आग होते का नाही तोंडात?"

होत होती. चहासुद्धा गार करून प्यावा लागे. त्या दुखण्याला मी आहार म्हणत होतो आणि गावाला त्याचा उपदेश करत होतो. बारा गावांत असा अध्यक्ष सापडणार नाही.

"खर्रा द्या," मी म्हणालो. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही.

"नाही देत."

आमच्याकडे पुढे केलेला खर्रा नाकारणं म्हणजे माणसाला नाकारणं. आणि ठेलेवाल्यानं गिऱ्हाइकाला नाही म्हणणं तर कुणी ऐकलेलंच नव्हतं. मी चिडलो. समोरच उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवाल्याला त्यांनी माझ्यादेखत पुडी बांधून दिली. तो गेल्यावर मी विचारलं, "मला नाही, मग त्याला का देता? तुमच्याजवळ काही नियम आहे का?"

काकांनी चुन्याची डबी पुसायला घेतली. मग म्हणाले, "माझा भाऊ होता, रामलाल. याच ठेल्यावर बसे. माझ्याच हातचा खाये. एक दिवस त्यानं चटणी सोडली, दह्यात भात कालवून खाऊ लागला. मी म्हटलं, बरं झालं, पोटाले थंडावा. सहा महिने मी त्याले घोटून देऊन राहिलो आन् तो दही खाऊन राहिला. मग डॉक्टरनं पाहिलं, तवा काही उरलं नव्हतं." डबी फळीवर ठेवून ते म्हणाले, "ज्याचं दुखणं ओळखू येते त्याले देत नाही. बाकीच्यायले देतो. ते पापच हाय. त्याचा जबाब माझ्यापाशी नाही जी. मले दुसरं काही येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेला बंद होता आणि काका धुतलेलं धोतर नेसून माझ्या दुकानापुढे उभे होते. एसटीनं आम्ही गोंदियाला सरकारी दवाखान्यात गेलो. रांगेतली तोंडं पाहायचं टाळून काकांनी मान खाली घातली होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी माझ्या गालात आतून पाहिलं, पांढरा डाग दाखवला, तोंड आखडत चाललं आहे म्हणाल्या, आणि डागाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. मग काकांकडे वळून विचारलं, "आप कौन हैं इनके?"

काका म्हणाले, "मी याचा पानठेलेवाला."

बाईंच्या चेहऱ्यावर राग होता की हसू, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

रिपोर्टला आठ दिवस लागणार होते. समितीचं चालणं आता रोजचं झालं होतं. या आठ दिवसांतही मी रोज सकाळी समितीला घेऊन बोडीवर जात होतो, कारण अध्यक्ष आलाच नाही तर लोक विचारतील. पुढं पुढं चालायचो, कुणाशी बोलावं लागू नये म्हणून. लेक माझी चार वर्षांची. तिनं भातात ठेचा मागितला की मी ताटावरून उठून बाहेर जाई. काका रोज दुकानाच्या पायरीवर येऊन बसत आणि ठेल्यावर गिऱ्हाईक आलं की उठून जात. एकदाच म्हणाले, "भेव वाटते का?" मी हो म्हणालो. "मलेही," ते म्हणाले.

कॅन्सर नव्हता. आज नाही, पण एक पुडीही पुढे चालणार नाही, असं बाईंनी बजावलं आणि तोंडाचा व्यायाम दिला. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, महिन्याला एक वाढवायची. बी.कॉम. झालेला माणूस दुकानात तोंडात काड्या धरून बसतो आणि हातानं खूण करून फॉर्मवर सही कुठे करायची ते सांगतो, हे दृश्य गावानं वर्षभर पाहिलं. समितीनं नवा अध्यक्ष निवडला.

नंतर काकांनी अजून चारपाच जणांना नाही म्हटलं. दोघं गोंदियाला जाऊन आले. बाकीच्यांनी त्यांना शिव्या दिल्या आणि फाट्यावरच्या ठेल्यावर जाऊ लागले. काका म्हणत, "त्यायले तिथं कोणी नाही म्हणत नाही, म्हून ते खुश हायेत."

गेल्या पावसाळ्यात, धानाची रोवणी जोरात असताना, काका तापानं तीन दिवसांत गेले. निम्मी माणसं बांधीतून चिखलाच्या पायांनीच मातीला आली.

ठेला आता रामलालचा मुलगा चालवतो. तिशीचा आहे, हातही काकांसारखाच चालतो, पण तो स्वतः खातो. या एक तारखेला त्यानं मला हाक मारली, "भाऊ, नवीन साल हाय, घोटू का एक? माझ्याकडून." तलफ गेलेली नाही, हे सांगून टाकतो. त्याची पन्नी वाजली की माझी जीभ अजून डाव्या गालात जाते. मी म्हणालो, "नको. पुढच्या सोमवारी मी तपासायला गोंदियाला जातो आहे, तू येतो का?"

"मी कायले? ठेला कोण पाहील?"

तेव्हापासून रोज तो विचारतो, घोटू का. रोज मी विचारतो, येतो का. दोघंही नाही म्हणतो. काल मात्र त्यानं पन्नी घासता घासता, माझ्याकडे न पाहता विचारलं, "सोमवारची गाडी किती वाजता हाय?"