जड इंजिनाची हिरवी मोटार

कुठलीही वस्तू समोर आली की आमचे शेजारी आधी ती अंगठा आणि तर्जनीत धरून चोळायचे. गांधीबागेत कापडाचं दुकान, हाताला तीच सवय. पेरू असो, लग्नपत्रिका असो, की माझ्या नव्या सायकलचं मडगार्ड. चोळून झालं की निकाल: "चालते गा, मास्तर." ज्यांना जगात सगळंच चालतं अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. प्रतापनगरात आमची कुंपणं लागून होती. मी त्यांना भाऊजी म्हणायचो, त्यांच्या पत्नीला वहिनी.

त्यांच्या वडिलांची हिरवी विलायती मोटार अंगणात उभी होती. इंजिन जाम झालेलं, सुटे भाग कुठेच मिळत नव्हते. एक दिवस भाऊजींनी एका मोडीत निघालेल्या छोट्या ट्रकचं डिझेल इंजिन घरी आणलं.

"हे हिच्यात मावेल?" मी विचारलं.

"चालते गा."

"आणि वजन?"

"स्प्रिंगा बदलून टाकू."

वहिनींनी त्या दिवसापासून या विषयावर बोलणंच बंद केलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या नुसत्या पाहत. आम्ही तीन लोखंडी पाइपांची तिवई उभी केली आणि तिला साखळीची कप्पी टांगली. साखळीचा एक पदर ओढला की वजन वर, दुसरा ओढला की खाली; सोडली की जिथल्या तिथे.

एका रविवारी सकाळी नवं इंजिन मोटारीच्या तोंडावर लोंबकळत होतं. साखळी माझ्या हातात होती. बोल्टचं भोक जुळवायला भाऊजींनी डावा हात खाली घातला आणि तेवढ्यात तिवईचा एक पाय ओल्या काळ्या मातीत खचला. सगळा डोलारा कलला. साखळी सोडून मी त्या पायाला खांदा लावला.

"मास्तर," भाऊजी म्हणाले, "हात दबला. हे नाही चालत गा."

त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं. खांदा काढला असता तर इंजिन त्यांच्या अंगावर आलं असतं. घामानं पाइप निसटत होता.

"वहिनी! साखळी!"

कणकेच्या हातांनी वहिनी धावत आल्या. समोर दोन पदर होते. चुकीचा ओढला तर इंजिन हातावर आणखी बसणार. मला तिथून पदर दिसत नव्हते. भाऊजींचे डोळे मिटलेले. वहिनींनी कोणाला विचारलं नाही. एक पदर धरला आणि ओढला. साखळी कडकड वाजली. इंजिन वर जातंय की खाली, क्षणभर मला कळेना. मग भाऊजींचा हात सुटला.

दवाखान्यात मी विचारलं, "तुम्हाला कसा कळला पदर?"

"इतके दिवस खिडकीत का फक्त पोळ्याच लाटून राहिली होती मी?"

भाऊजींच्या डाव्या हाताची दोन बोटं पुन्हा कधी वळली नाहीत. मला वाटलं, संपलं हे प्रकरण. पण पट्टी निघाली त्या दिवशी वहिनीच म्हणाल्या, "आता बसवाच ते. बोटं घेतली त्यानं, फुकट काहून पडू देता अंगणात?"

या वेळी तिवईच्या पायांखाली फरशा होत्या आणि साखळी वहिनींच्या हातात.

मोटार चालली. ट्रकसारखी गुरगुरत, नाक खाली घालून. पण डाव्या हातात गिअर धरता येईना. मग भाऊजी क्लच दाबत, "दुसरा" म्हणत, आणि शेजारी बसलेल्या वहिनी गिअर टाकत. खडखड झाली की दोघांचं भांडण.

"हळू टाक न वं!"

"तुमीच पाय आधी काढला!"

काही वर्षांनी एका दुपारी भाऊजी छातीवर हात दाबत बाहेर आले. चेहरा राखेसारखा.

"मी रिक्षा आणतो," मी म्हणालो.

"कुठं भेटते आता रिक्षा? तुमी घराकडं पाहा, मास्तर. बस वं, बस."

वहिनी बसल्या. पदर खोचून त्यांनी गिअरवर हात ठेवला.

"पहिला," भाऊजी म्हणाले. इंजिनाच्या आवाजात मला नुसते ओठ हललेले दिसले. मोटार कोपऱ्यावरून वळली.

संध्याकाळी ती परत आली. वहिनींचा भाऊ चालवत होता. वहिनी मागच्या सीटवर बसल्या होत्या. कपाळावर कुंकू नव्हतं.