फाटकावरचा बल्ब

परवा आमच्या संस्थेच्या गच्चीवर सोलार बसला. घर सोडून आलेल्या बायकांना आसरा देणारी ही अमरावतीतली जुनी संस्था, नाव-पत्ता अर्थातच सांगणार नाही. मी आता तिथली सगळ्यात म्हातारी ट्रस्टी, म्हणजे काम कमी आणि लुडबुड जास्त...

दिवसभर माझा पाय एका जागी ठरेना. जिन्यापाशी जा, फाटकापाशी ये, पुन्हा जिन्यापाशी. शेवटी वलगावची इंजिनिअर मुलगी वैतागली. "आजी, काहून एवढ्या फिरून राहिल्या? बसा नं जरा!"

तिचा प्रश्न साधा होता. लाइट गेल्यावर बॅटरीवर कोणते दिवे चालू ठेवायचे? मी म्हटलं, आधी फाटकावरचा. सगळे हसले... रस्त्यावर एवढा लख्ख उजेड असतो, तिथे कशाला? तेव्हा मला साठ-बासष्ट वर्षं मागे जावं लागलं.

याच घरात मी एकोणिसाव्या वर्षी आले, तेल्हाऱ्याहून पळून. नवरा चुलीतल्या लाकडाने चटके द्यायचा, हे आता लिहिता येतं, तेव्हा कोणाला सांगताही यायचं नाही. मोटारीने अकोला, तिथून रेल्वेने इकडे... अंगावरच्या लुगड्यानिशी. संस्था चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी काही न विचारता आधी जेवायला वाढलं.

तेव्हा इथे कंदील होते. पुढे विजेची मंजुरी मिळाली आणि वायरमन आला. त्याचा आवाज अंगणात ऐकला आणि मी दाराआड झाले. तो भगवानभाऊ होता, आमच्या सासरच्या गल्लीतला. माझ्या लग्नाच्या पंगतीत यानेच बुंदी वाढली होती!

नोकरी अमरावतीला, पण दर बाजाराच्या दिवशी गावी जायचा. त्याने मला पाहिलं असतं, तर पुढच्या बाजाराला नवऱ्याला कळलं असतं. आणि नवरा येऊन मला फरफटत नेणार... मोठ्या बाई दारात आडव्या पडल्या असत्या तरी.

बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "काम होईस्तोवर कोठीत बस." बसले. पण बसवतंय कुठे? ज्वारी पाखडून झाली की तीच पुन्हा सुपात घ्यायची. बाहेर हातोडीचा ठोका पडला की जीव दचकायचा, आणि ठोके थांबले की जास्तच दचकायचा.

शेवटच्या दिवशी काम दिवेलागणीपर्यंत लांबलं. बाहेर एकदम गलका झाला, "लागला! लागला!" कोठीच्या दाराच्या फटीतून पिवळा उजेड आत आला...

आणि मी उठून सरळ बाहेर गेले. वेड्यासारखी! संध्याकाळचा दिवा लागला की असू तिथून उठायचं आणि हात जोडायचे, ही आईने लहानपणापासून अंगात भिनवलेली सवय. डोक्यात काही आलंच नाही. सगळ्याजणी बल्बकडे बघून हात जोडून उभ्या होत्या, त्यांच्यात मीही जाऊन उभी राहिले.

डोळे उघडले तर समोर शिडीवर भगवानभाऊ. बोटांत पेचकस धरून त्यानेही हात जोडले होते. बघत होता माझ्याकडे. डोक्यावरचा पदर ओढायचंही मला सुचलं नाही.

त्याने पेचकस खिशात टाकला. खाली उतरला, पिशवी उचलली आणि गेला.

त्या रात्री घरात कोणालाच चैन नव्हतं. बाईंनी मला सकाळच्या गाडीने लांबच्या गावी आपल्या नणंदेकडे पाठवायचं ठरवलं. मी गाठोडं बांधलं, सोडलं, परत बांधलं... नवा बल्ब नुसता डोळ्यांत खुपत होता मेला.

सकाळी निघणार, तर फाटकात भगवानभाऊ! एकटाच. खांद्यावर वायरचं वेटोळं. मी पुन्हा कोठीत.

अंगणात उभा राहून तो बाईंशी बोलू लागला, पण आवाज मुद्दाम मोठा, कोठीपर्यंत यावा असा. "बाई, फाटकावर एक बल्ब लावून देतो. बटन मातर घरात ठेवतो. दार उघडाच्या आधी कोन उभं हाय, ते तुमाले दिसलं पायजे."

बाई म्हणाल्या, ते कामात नव्हतं. तो म्हणाला, "नसन. काल मले बल्बाशिवाय काईच दिसलं नाई, बाई. पन उद्या कोनी आलं, तर तुमाले दिसलं पायजे."

मी कोठीत तोंडात पदर कोंबून रडले. गाठोडं सोडलं ते कायमचं.

नवरा आला, पण वर्षभराने, भलत्याच कोणाकडून कळून. अंधार पडल्यावर कडी वाजली, बाईंनी आतून बटण दाबलं. खिडकीतून बघते तर तो आणि त्याचा भाऊ, हातात काठ्या, डोळ्यांवर उजेड येऊन गांगरलेले. समोरच्या घरांतले लोकही बाहेर आले. दार उघडलंच नाही. त्या उजेडात त्यांना फार वेळ उभं राहवलं नाही.

मी शिकले, मास्तरीण झाले. भगवानभाऊची पुढे बदली झाली आणि भेट राहिलीच. त्याला साधं 'दादा' म्हणायचंही राहून गेलं, याची हुरहूर अजून आहे.

हे ऐकून इंजिनिअर पोरीने यादीत फाटकाचा दिवा सगळ्यात वर लिहिला. मग म्हणाली, "आजी, सेन्सर लावून देऊ? बटनाची कटकटच नाही."

मी म्हटलं, "लाव गं बाई काय लावायचं ते. पण बटण राहू दे... आणि आतच राहू दे."

काल संध्याकाळी लाइट गेली. रस्ता काळामिट्ट. आत आलेली नवी मुलगी दोन दिवसांपासून खिडकीशीच बसून आहे, तिला जवळ घेतलं आणि बटण तिलाच दाबायला लावलं. फाटक उजळलं. बाहेर कोणी नव्हतं. तिने केवढा मोठा श्वास सोडला... आणि आम्ही दोघींनी हात जोडले.