दिवेलागणीच्या आत घरी

माझे सासरे कुणालाही माझी ओळख करून देताना एक वाक्य हमखास म्हणत. "आमचे जावई दिवेलागणीला घरात असतात." बडोद्यातल्या आमच्या मराठी घरांतून तेव्हा या गोष्टीला मान होता. देवापाशी निरांजन लागतं तेव्हा कर्ता माणूस घरात असावा, असं मानणारी ती पिढी. मी मान खाली घालून हसे. लोकांना तो विनय वाटे.

परवा सासरे गेले. भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी तेच वाक्य पुन्हा म्हणालं, आणि बायकोने माझ्याकडे पाहिलं. म्हणून हे लिहितो आहे.

खरं कारण असं, की मला अंधारात दिसत नाही. लहानपणापासून. दिवा दिसतो, उजळलेली खिडकी दिसते, समोरून येणाऱ्या स्कूटरचा डोळा दिसतो. मधलं सगळं पुसलेलं. आईला ठाऊक होतं. "लग्न होईपर्यंत बोलू नकोस," म्हणाली होती. मुलगी बघायचा कार्यक्रम भर सकाळी ठेवला, तोही तिनेच. लग्नानंतरही मी बोललो नाही, तो दोष आईचा नव्हे.

बडोद्यात राहून ही गोष्ट लपवायची म्हणजे नवरात्राला तोंड लपवायचं. निजामपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत शेजारच्या बेन दारातूनच हाक घालत, "चालो ने भाभी!" आणि बायको ओढणी खोचता खोचता मला विचारी, "येता का? नुसते खुर्चीत बसा." मी म्हणे, मला तो गोंगाट सहन होत नाही. ती शेजारणींबरोबर निघून जाई. ती गरबा फार सुरेख करते, असं मी ऐकून होतो. पाहिलं कधीच नव्हतं.

पुढे आमच्यासारख्या नोकरदारांच्या दारांतही गाड्या उभ्या राहू लागल्या, तेव्हा आम्हीही एक जुनी, पांढरी मारुती घेतली. बायकोने क्लास लावून माझ्याआधी लायसन काढलं होतं. मी मात्र तिला स्टिअरिंगला हात लावू देत नसे. बडोद्याच्या ट्रॅफिकचं नाव पुढे करी. ती चालवू लागली असती, तर रात्रीही बाहेर चला म्हणाली असती, आणि संध्याकाळी घरात बसायला माझ्याकडे सबबच उरली नसती.

त्याच गाडीतून, एका दिवाळीच्या सुट्टीत, मुलीला आजोळी ठेवून आम्ही सौराष्ट्राच्या किनाऱ्याने निघालो. दोघंच, लग्नानंतर पहिल्यांदा. तिला दीपगृहं बघायची होती. भावनगर मागे पडलं, तळाजा, महुवा गेलं. कुठे कापसाची शेतं, कुठे नारळाच्या वाड्या, आणि समुद्र जवळ आला की सुरूचं बन. वारा नसला तरी ती झाडं सुस्कारत असतात. ती खिडकीची काच खाली करून ऐकत बसे. डब्यातली सुखडीची गोड वडी मोडून माझ्या तोंडात घाली, कारण माझे दोन्ही हात कायम स्टिअरिंगवर. मुक्काम मात्र मी रोज उन्हं असतानाच गाठी.

"तुम्ही इथेही दिवेलागणी पाळणार का?" तिने विचारलं. "इथे कुणाच्या देवघरात जायचंय?"

दीवच्या अलीकडे एका दीपगृहावर दुपारनंतर लोकांना वर सोडत. गोल जिना चढून गेलो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गडद हिरवं सुरूबन आणि त्यातून आमच्या धर्मशाळेकडे जाणारी वाळूची वाट. मी उतरायची घाई करू लागलो. खाली आल्यावर ती कट्ट्यावर बसली.

"दिवा लागल्याशिवाय मी हलणार नाही. दीपगृह बघायला आलो ना आपण? मग नुसता खांब काय बघायचा?"

आतला रखवालदार हसला. "बेन साची वात करे छे," म्हणाला, म्हणजे बाईंचं बरोबर आहे. मी बसलो. दिवा लागला. उजेडाची लांब पट्टी आमच्या डोक्यावरून समुद्रात गेली, फिरून झाडांवर आली. तिने माझा हात धरला. इतकं सुंदर काही मी तिच्यासोबत कधी पाहिलं नव्हतं, आणि मी धर्मशाळेकडच्या वाटेची वळणं आठवत होतो.

गाडी सुरू केली. हेडलाइटच्या दोन ठिपक्यांपलीकडे काही नव्हतं. वाट वळली ती मला कळलीच नाही. "अहो, झाड!" ती म्हणाली. मी ब्रेक दाबला. चाक वाळूत रुतलं आणि बंपर खोडाला टेकून थांबला. दिव्याची पट्टी वरून फिरून गेली.

मी सांगून टाकलं. सगळं. आई, सकाळचा कार्यक्रम, गोंगाट.

तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मग म्हणाली, "म्हणजे गरबा?"

"हो."

"आणि माझ्या भावाच्या लग्नाचं रिसेप्शन? पोटात दुखत होतं ते?"

"हो."

तिने पुढे विचारलं, तो प्रश्न येणार हे मला माहीत होतं. "आपल्या मुलीला?"

"तिला दिसतं. ती लहान असताना मी परीक्षा घेतली होती. तू घरी नसताना खोलीचे पडदे ओढून, खेळ म्हणून, जमिनीवरचे शेंगदाणे वेचायला लावले होते."

तेव्हा ती रडली. गरब्यासाठी नाही, रिसेप्शनसाठी नाही. "ती काळजी माझीसुद्धा होती," म्हणाली. "ती एकट्याने करायचा तुम्हाला काय हक्क होता?" मला वाटलं, परत गेल्यावर ही आपल्या वडिलांकडे निघून जाईल.

तिने डोळे पुसले आणि दार उघडून माझ्या बाजूला आली. "सरका."

सुरूच्या वाळलेल्या काड्या चाकाखाली घालून तिने गाडी मागे घेतली. मी शेजारी बसलो. "डावीकडे काय आहे?" असं मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला विचारलं. "कुंपण," ती म्हणाली. थोड्या वेळाने स्वतःहूनच, "बैलगाडी आहे, थांबते." आणि मग, "ससा." ससा तिने सांगायची काही गरज नव्हती.

घरी परतल्यावर तिने मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, मुलीलाही नेलं. मुलीचे डोळे चांगले निघाले. माझी नजर हळूहळू कमी होत जाईल असं ते म्हणाले, तशी होत आहे. वडिलांना तिने कधी सांगितलं नाही. ते माझं कौतुक करायचे तेव्हा ती आत चहा टाकायला जायची.

पुढच्या नवरात्रात ती गाडी चालवत मला गरब्याला घेऊन गेली. मैदानाच्या कडेला खुर्चीत बसवलं. मला फक्त माळांचे दिवे आणि त्यांच्याखाली काहीतरी फिरतंय एवढंच दिसत होतं. पण प्रत्येक फेरीत ती माझ्यापाशी आली की एक टाळी माझ्या कानाशी देऊन पुढे जाई. मी पुढच्या टाळीची वाट बघत बसे.

एका फेरीला ती थांबली, धापा टाकत वाकली.

"काय हो," म्हणाली, "गोंगाट सहन होतोय ना?"