गाडीची वेळ

"दोन म्हणजे दोन! मी फोनवर दोनच म्हटलं होतं, क्लावा."

"म्हटलंस ना! आणि जन्मभर गाडीच्या वेळेत सहा मिळवत आलेल्या म्हाताऱ्यानं काय करायचं होतं? या खेपेला मिळवायचे नाहीत, हे तुझ्या आवाजावरून ओळखायचं?"

"अगं, अख्ख्या देशाचं वेळापत्रक बदललं. स्टेशनात ही एवढी पाटी लावली होती!"

"पाटी वाचायला स्टेशनात जावं लागतं, बाईसाहेब. बाबा फक्त तुझ्या गाडीला जायचे."

"आणि तू कुठे होतीस?"

"बेकरीत, माझ्या पाळीवर. आमची बेकरी फिरत नाही गावोगाव!"

बाबांच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला आलेली माणसं नुकतीच उठून गेली होती. टेबलावर उरलेली धिरडी गार पडली होती. बाबांच्या फोटोपुढे व्होडकाचा भरलेला पेला होता, त्यावर काळ्या पावाचा तुकडा झाकलेला. थोरली बहीण रिम्मा उष्टी ताटली हातात घेऊन उभी होती. दफनाला तिला पोचता आलं नव्हतं. तिची गाडी तेव्हा देशाच्या दुसऱ्या टोकाला होती.

रिम्मा मॉस्को-व्लादिवोस्तोक गाडीवर डब्याची राखणदार. भट्टीत कोळसा टाकायचा, प्रवाशांना चहा द्यायचा, थंडीत प्रत्येक मोठ्या स्टेशनवर पहारीनं डब्याखालचा बर्फ फोडायचा. तिचं गाव वाटेतच, सायबेरियातल्या चिता शहराच्या पुढे. तिथे इंजिन बदलायचं म्हणून गाडी जरा विसावायची, आणि तिच्या डब्याच्या दारापाशी तिचा बाप, प्रोकोपी येगोरिच, हजर असायचा. टॉवेलात गुंडाळलेले बटाट्याचे पाव कोटाच्या आत, छातीशी धरलेले. बापलेकीचा सगळा संसार त्या तेवढ्या वेळात व्हायचा.

"सांग, देश काय म्हणतोय?" हा त्याचा पहिला प्रश्न. तो स्वतः चिताच्या पलीकडे कधी गेला नव्हता. मग रिम्मा पहार आपटता आपटता सांगायची. व्होल्गा अजून गोठली नाही. बैकल सरोवराकाठच्या फलाटावर मासेवाल्या जागेवरून एकमेकींच्या झिंज्या धरताहेत. पेर्मला एक नवी नवरी चढली, ती ओम्स्कपर्यंत रडत होती. संध्याकाळी गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात प्रोकोपी हे सगळं असं सांगायचा, की जणू नवरीला रुमाल त्यानंच दिला.

"तू कधी रे पाहिलास उरल पर्वत?" कुणीतरी डिवचायचंच.

"पाहायला कशाला हवा? माझी पोरगी जाते तिथून."

इतकी वर्षं देशभरच्या गाड्या मॉस्कोच्या घड्याळावर चालायच्या. वेळापत्रकात रिम्माची गाडी सकाळी आठची, म्हणजे गावात दुपारचे दोन. इथली पोरं पाढ्यांच्या आधी सहा मिळवायला शिकायची. मग नियम बदलला, वेळापत्रकात ज्या त्या गावची वेळ आली. त्या हिवाळ्यात रिम्मानं नव्या कागदावरचं वाचून फोन केला, "बाबा, दोनला." प्रोकोपीला वाटलं, गाडीची वेळच बदलली; त्यानं सवयीनं सहा मिळवले आणि रात्री आठला, झाडं तडकतील अशा थंडीत, फलाटावर जाऊन उभा राहिला. थंडीत गाड्यांना उशीर होतोच, म्हणून उभाच राहिला. त्यानंतर छातीत कफ, मग दवाखाना, मग काही नाही.

"घरी आल्यावर काय म्हणाले?" रिम्मानं विचारलं. दोन दिवसांचा प्रवास तिनं एवढ्यासाठीच केला होता.

"तुला काय करायचंय?"

"शिव्या दिल्या असतील तरी सांग. मला ऐकायचंय."

क्लावानं टेबलावरची खरकटी हातानं गोळा केली, पुन्हा तिथेच ठेवली.

"शिव्या कुठल्या! म्हणाले, गाडी कुठेतरी बर्फात अडकली असणार, पोरगी उपाशी असेल. मग खोकत बसले. आणि म्हणाले, मागच्या खेपेला मी तिला फार छळलं गं. आता देशाबिशाचं काही विचारणार नाही. नुसतं तिला नीट बघेन."



मागच्या खेपेला रिम्मा झोपेविना आलेली होती. "बर्फ आणि बर्चची झाडं, बाबा! सगळीकडे तेच! किती वेळा सांगू?" असं ती भर फलाटावर ओरडली होती. म्हाताऱ्यानं नुसते पाव हातात दिले होते. पुढच्या खेपेला दुपारी दोनला दारापाशी तो दिसला नाही, तेव्हा तिला वाटलं, रुसला असेल. रुसू दे. आपणच का म्हणून दर वेळी समजूत काढायची? तिनं बर्फ फोडला, हिरवी झेंडी दाखवली, दार लावून घेतलं.

"मला एकच कळत नाही," क्लावाचा आवाज आता उतरला होता. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाबा फलाटावर नव्हते. तुझ्या खिशात फोन होता. तेव्हा ते इथे, याच टेबलाशी, कणीक मळत होते गं. फोन का नाही केलास?"

रिम्मानं ताटली टेबलावर ठेवली. खुंटीवरचा कोट घेतला, एक बाही उलटी झाली होती ती नीट केली.

"रिम्मा. मी विचारतेय."

तिनं बूट चढवले, डोक्याला शाल गुंडाळली आणि दार उघडून बाहेर पडली.