प्लास्टिकचा दस्ता

माझा थोरला भाऊ लष्करातून निवृत्त झाला आणि काष्टीतल्या एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहू लागला. सगळे त्याला मेजर म्हणतात. आमच्या जिल्ह्यात निवृत्त शिपायालाही लोक ही बढती परस्पर देऊन टाकतात.

गेल्या वर्षी त्याचा उजवा खांदा धरला. बंदूक हलकी घ्या, नाहीतर नोकरी सोडा, असं डॉक्टरांनी सांगितलं. नोकरी त्याला सोडायची नव्हती. घरी बसून दिवस जाणार नाही, हे त्याला माहीत होतं.

नगरच्या बंदुकीच्या दुकानात मी सोबत गेलो. जुन्या बंदुकीचा दस्ता लाकडाचा होता, नवीचा काळ्या प्लास्टिकचा. नळ्या दोन्हींच्या पोलादी. दुकानदार म्हणाला, "नळीला पोलादच लागतं. आणि मेजर, हलकी बंदूक धक्का जास्त देते."

"मी काय रोज गोळी झाडतो व्हय? रोज उभा ऱ्हातो."

परवान्यावर बदल झाला, बंदूक घरी आली.

"ही बंदूक हाय का पान्याची बाटली?" वहिनी म्हणाली.

फौजेत रायफलीच्या लाकडाला जवसाचं तेल चोळायची शिस्त होती. भावाने रविवारी तीच पाळली. लाकूड तेल पितं, प्लास्टिक पीत नाही. तेल वरच राहून चिकट झालं. बाजाराच्या दिवशी रस्त्यावरची धूळ आणि कडब्याचा भुसा दस्त्यावर येऊन बसला. मॅनेजर बाहेर येऊन म्हणाले, "मेजर, बंदुकीला गूळ लावलाय का?"

त्या संध्याकाळी भाऊ घरी येऊन म्हणाला, "लाकडाचीच घेतो परत. खांदा गेला तर गेला."

"आना इकडं," वहिनी म्हणाली.

त्याने नळ्या काढून आतल्या खोलीत नेऊन ठेवल्या. वहिनीने मोरीत बसून भांड्याच्या साबणाने, कोमट पाण्याने दस्ता घासला.

"नळीला थेंब लागला तर बघ."

"नळी तुमची तुमी सांभाळा. फौजेत भांडी घासली असती तर हे कळलं असतं."

तेव्हापासून नळीला तेल तो लावतो, दस्ता ती धुते. खांदा अजून दुखतो, पण बँक बंद होईपर्यंत निभतं. परवा बँकेला रखवालदार पुरवणाऱ्या एजन्सीच्या माणसाने पुढच्या वर्षीही नोकरी करणार का, असं विचारलं. भाऊ बंदूक खांद्यावरून न उतरवताच हो म्हणाला.